न विचारलेला प्रश्न

नगरच्या कोर्टात मला उभं राहायला शिकवलं ते आमच्या सरांनी. अगदी उभं राहायलासुद्धा. पहिल्यांदा बोलायला उठले तेव्हा मी टेबल असं घट्ट धरलं होतं की शिपाईही हसला. बाहेर आल्यावर सर एवढंच म्हणाले, "टेबल कोर्टाचं आहे, पळून जात नाही." घरात कुणी वकील नाही, खेड्यातून आलेली मुलगी, दुसऱ्या ऑफिसात मला टायपिंगपुरतं ठेवलं असतं. सरांनी साक्षीदार माझ्या हवाली केले. माझी आजची सगळी वकिली त्यांच्यामुळे आहे.

उलटतपासाचा त्यांचा एक नियम होता. आपलं जे म्हणणं आहे ते समोरच्या साक्षीदाराला तोंडावर विचारायचंच. तो 'खोटं आहे' म्हणणार हे ठाऊक असलं तरी विचारायचं. नाही विचारलं, तर त्याची बाजू आपल्याला कबूल आहे असं कोर्ट धरून चालतं. हे विसरले की चारचौघांत माझी खरडपट्टी निघायची.

यंदा श्रीगोंद्याकडच्या दोन चुलतभावांचा विहिरीचा दावा सुनावणीला आला. मोठ्याकडून सर, धाकट्याकडून मी; आता माझं ऑफिस वेगळं आहे. माझा अशील साक्षीत म्हणाला, विहीर एकट्या माझ्या वडिलांनी खणली. सरांच्या अशिलाचं सगळं म्हणणंच असं की दोघांच्या वडिलांनी मिळून खणली. सर उठले. मोटार, पाइपलाइन, बांध, उसाला कोण कधी पाणी देतं, सगळं विचारलं. विहीर खणल्याचं तेवढं विचारलंच नाही आणि खाली बसले. आत्ता उठतील, मला वाटलं. साक्षीदार पिंजऱ्यातून उतरून गेला.

युक्तिवादात मी त्यावर बोट ठेवलं. ठेवावंच लागलं, वकीलपत्र माझं होतं. पण किती सफाईने बोलले मी! त्यांचीच वाक्यं, त्यांच्याच चालीत. निकालात तोच मुद्दा आला आणि मोठ्याचं पाणी गेलं. बाहेर येऊन तो सरांच्या पाया पडला. "तुमी लई केलं सायेब," म्हणाला. मला तिथे उभं राहवेना.

संध्याकाळी सरांनी घरी बोलावलं. सरांच्या पत्नी चहा ठेवून आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "तो प्रश्न मी विसरलो. हल्ली होतं असं. खरं सांग, मी आता थांबावं का? दुसऱ्या कुणाला विचारवत नाही."

"काहीतरीच काय सर," मी म्हणाले. "एखाद्या वेळी होतं. तुमच्यासारखा उलटतपास अजून कुणाला जमत नाही."

त्यांचा चेहरा खुलला. घरी येताना मी स्वतःला समजावत होते की उपकार असे फेडायचे असतात. उपकार कसले, माझी छाती झाली नाही. भित्री ती भित्रीच.

परवा कोर्टाच्या आवारात घोडेगावकडची एक बाई मला शोधत आली. भावांनी तिला वडिलांच्या जमिनीत वाटा द्यायला नकार दिलाय. हातात सरांच्या ऑफिसची पिशवी.

"म्याडम, तुमीच ना त्या? सर नवं काम घेतच नव्हते. सरच म्हन्ले, तुमी सांगितलं म्हनून घेतलं. लई उपकार झाले बघा तुमचे."

"चांगलं झालं," मी म्हणाले.