मांडीचं हाड आणि शेपटी

नदीकाठच्या खडकात आम्हाला डायनासोरचं एकच हाड सापडलं. मांडीचं, तेही दोन्ही टोकं झिजलेलं. त्यावरून संग्रहालयाच्या भिंतीवर अख्खा प्राणी रंगवायचा होता.

"सर, शेपटी कुठं संपवू?" शिडीवरून चित्रकार मालतीबाईंनी विचारलं.

सडपातळ जातीचा धरला तर शेपटी दारापर्यंत पोचते, आडव्या अंगाचा धरला तर खिडकीपाशीच संपते. इतकी वर्षं हाडं मोजून शेवटी हाती अंदाजच! स्वतःचीच चीड आली.

"द्या ना ठोकून. कोण मोजायला येणार आहे?" मालतीबाई म्हणाल्या.

"कुणी येणार नाही, म्हणूनच ठोकून देता येत नाही," मी तडकलो.

ज्याच्या पावलांनी जमीन हादरली असेल, त्याला वीतभरही वाढवणारा किंवा छाटणारा मी कोण? शेपटी तशीच अर्धवट ठेवून आम्ही चहाला गेलो. तोही गोड लागला नाही.