अठ्ठेचाळीस दारांचे फोटो

फोन त्यांनी माझ्या हातातून घेतला नाही. टेबलावर ठेव म्हणाले. मी ठेवला. मग सेक्रेटरींनी खिशातून रुमाल काढला, रुमालानं फोन उचलला आणि सगळ्यांना दाखवला. मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवतात तसा.

रविवारची सकाळ. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या सोसायटीचं पार्किंग. गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडलेल्या. खुर्च्या मीच मांडल्या होत्या. मी उभा.

"ह्या अडाणी माणसाच्या हातात आपण अख्ख्या सोसायटीचे नंबर दिले," सेक्रेटरी म्हणाले. "आणि ह्यानं काय केलं? जुगार."

मागून कोणीतरी विचारलं, "मामा, बंगला कधी बांधताय?" सगळे हसले. बायका हसल्या. पहिल्या रांगेत चारशे दोनचे साहेब बसले होते, तेही हसले. बाकीच्यांचं हसणं मी विसरलो असतो. त्यांचं नाही.

मी तोंड उघडलं.

"तू गप्प बस. तुझं नंतर."

तू. सात वर्षं मी इथं मामा होतो. गेटवर लहानाचा मोठा सगळा मामाच म्हणायचा. एका सकाळीत तू झालो.

झालं होतं ते असं.

मी तिसरी पास. आमचा पाडा बारवी धरणाच्या अंगाला, डोंगरात. मराठी वाचतो, बोट ठेवून. लिहितो, पण वेळ लागतो. इंग्रजी नाही. त्याची लाज मी कधी बाळगली नाही. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत एकोणतीस वर्षं हेल्पर होतो, बुवापाड्यात स्वतःची खोली केली, पोरीला बारावी शिकवलं. कंपनी बंद पडली तेव्हा वॉचमन झालो. बुवापाड्यातून बदलापूरला सायकलनं येतो. आजही.

गेटवर आधी वही होती. कुरिअरवाला आला की नाव, फ्लॅट, वेळ. माझं लिहिणं सावकाश, त्यामुळं लोक खोळंबायचे. मग सोसायटीनं ठरवलं, वही बंद, मामांनी फोन करून विचारायचं आणि आत सोडायचं. पोरीनं तिचा जुना टच फोन दिला. सेक्रेटरींनी अठ्ठेचाळीस घरांचे नंबर भरून दिले. नावं इंग्रजीत.

आता कुठलं नाव कुणाचं, मला काय कळणार? पण मला विचारायचं नव्हतं. रोज दहा वेळा कोणापुढं फोन धरून हे कोण, हे कोण करत बसणारा माणूस मी नाही. मी डोकं लढवलं. एकेक मजला चढलो आणि प्रत्येक दाराचा फोटो काढला. पोरीनं शिकवलं तसा तो फोटो त्या त्या नंबराला लावला. पितळी कडीचं दार म्हणजे तीनशे एक. कुत्र्यानं खरवडलेलं दार म्हणजे दोनशे चार. खाली चपलांचा ढीग असला की एकशे तीन. नाव वाचायची गरजच संपली. दार दिसलं की बोट लावायचं, घंटी वाजायची. फोटो काढताना मला सगळ्यांनी पाहिलं. नको कोणी म्हणालं नाही. मामा हुशार आहेत म्हणाले.

ही माझी हुशारीच पुढं मला नडली.

चारशे दोनचे साहेब मोठ्या कंपनीत ऑफिसर. इथं त्यांना साहेब म्हणतोय, कारण तेव्हा म्हणत होतो. एके दुपारी ते केबिनशी आले. स्टूल ओढून बसले, हेच आधी कधी झालं नव्हतं. म्हणाले, मामा, दिवसभर बसून कंटाळता, तुम्हाला एक गंमत देतो. त्यांच्या फोनवरून त्यांनी माझ्या फोनला काहीतरी पाठवलं. रंगाचा खेळ. लाल की हिरवा, एवढंच सांगायचं.

पोरीनं मला एक गोष्ट घोकून शिकवली होती. ॲप घ्यायचं ते फोनमधल्या त्या तिकोनी चित्राच्या दुकानातूनच. मी तसं साहेबांना म्हटलं.

ते म्हणाले, "तिथं सगळ्यांना मिळतं, मामा. हे ओळखीवर मिळतं."

ओळखीवर. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. साहेबाच्या ओळखीतला मी.

फोननं काहीतरी पिवळं दाखवलं. इंग्रजीत चार ओळी, खाली दोन बटणं. मी विचारलं, साहेब, काय म्हणतोय हा? काही नाही, उजवीकडचं दाबा. मी दाबलं. पुन्हा ओळी आल्या, पुन्हा बटणं. दाबा. पुन्हा. असं पाच वेळा झालं. फोन पाच वेळा मला काहीतरी विचारत होता. मला वाचता येत नव्हतं. साहेबांना येत होतं.

एकाला आत आणलं की आणणाऱ्याला फुकटचे डाव मिळतात, हे मला नंतर कळलं. साहेबानं माझ्याशी ओळख काढली होती ती तेवढ्यासाठी.

मी खेळलो. चार दिवस. आधी जिंकलो, मग हरलो, हरायला लागल्यावर हात आखडला. मला वाटलं, आपण थांबलो म्हणजे खेळ थांबला. खेळ थांबला नव्हता.

शनिवारी दुपारी सोसायटीतल्या सगळ्या फोनवर माझ्या नंबरावरून निरोप गेला. मी काही पाठवलेलं नाही. मी तेव्हा टाकीचा कॉक फिरवत होतो. निरोपात एक चित्र. फटाके, नोटा, सोनेरी अक्षरात आजचे विजेते, आणि मधोमध जिथं माणसाचा चेहरा असायचा तिथं ज्याच्या त्याच्या घराचं दार. त्या ॲपवाल्यांनी माझ्या फोनमधले नंबर उचलले, नंबराला लावलेले फोटो उचलले. त्यांना वाटलं असणार चेहरे आहेत. खाली लिहिलं होतं, तुम्हीही खेळा.

पाचशे दोनच्या आजी एकट्या राहतात. स्वतःचं कुलूप फोनमध्ये बघून त्यांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशीही त्यांनी दार उघडलं नाही. ते ऐकून मी जेवलो नाही. बाकी कोणी काय बोललं ते मी सोसलं असतं. त्या आजींचं मला सोसवेना.

म्हणून ती रविवारची मीटिंग. निकाल झाला, बुधवारी माफीपत्रावर सही, नाहीतर काम बंद आणि पोलीस. मीटिंगभर मी साहेबांकडे बघत होतो. आता बोलतील. आता म्हणतील, मामांना मी दिलं होतं. ते नखं बघत होते.

सोमवारी मी उल्हासनगरला गेलो. तिथं एक सिंधी म्हातारा मोबाइल दुरुस्त करतो, माझ्याच वयाचा, पोरीचा फोन त्यानंच दोनदा जिवंत केलेला. त्याला सगळे साईं म्हणतात. साईंनं चष्मा कपाळावर चढवला, फोन उघडला, बराच वेळ आत बोट फिरवत राहिला. मग एकेक दाखवायला लागला. हे फोटो, हे नंबर, हे आलेले निरोप, हा माइक. सगळ्याला त्या ॲपला परवानगी.

"चाचा, चोर दरवाज़ा तोड़ के नहीं आया. आपने हाथ पकड़ के अंदर बिठाया."

मी म्हटलं, काढून टाक. तो म्हणाला, काढतो, पण जे गेलं ते गेलं, तुमच्या फोनमधून पुसलं तरी त्यांच्याकडून पुसलं जाणार नाही. बँकेचं काही जोडलंय का विचारलं. नव्हतं. माझं पासबुक डब्यात असतं. वाचलात म्हणाला.

मग मी विचारलं, हे कुणी पाठवलं ते दिसतं का? त्यानं बोटानं वर सरकवलं. ती फाइल तिथंच होती. तिच्या वर पाठवणाऱ्याचं दार. सागवानी दार, चकचकीत पाटी. चारशे दोन.

साईं म्हणाला, आता काही पुसू नका. नेट बंद ठेवतो. हे असंच पोलिसात न्या. मी निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाला, शरम मत करना चाचा, पढ़े-लिखे भी दबाते हैं.

मंगळवारी साहेब केबिनशी आले. पुन्हा स्टूलावर बसले. मामा, सही करून टाका, नोकरीचं मी बघतो, कमिटीत माझं ऐकतात. आणि माझा तो मेसेज पुसून टाका. द्या इकडं, मीच पुसतो. हात पुढं केला.

मी फोन दिला नाही.

त्यांना ते खरंच वाटेना. हात तसाच धरून बसले. मग म्हणाले, "तुमचं काय जातंय, मामा? तुम्हाला कोण ओळखतं?"

माझ्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग आहे. अंबरनाथच्या कंपनीत एक ऑफिसर म्हणाला, वॉल्व्ह उघड. मी म्हटलं, पाटी लावलीय साहेब, त्यावर काय लिहिलंय? तो म्हणाला, काही नाही, उघड. मी उघडला. हॉस्पिटलात तोच ऑफिसर कागद घेऊन आला, खाली सही कर, कामावर परत घेतो. उजव्या हातानं सही केली. पुढं कळलं, कागदावर लिहिलं होतं, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. बायको विचारायची, काय होतं कागदात? मी म्हणायचो, काही नाही. ती गेली, पण तिला मी खरं सांगितलं नाही. लाजेनं.

तेव्हा पोरगी पाळण्यात होती. मला कामावर परत जायचंच होतं. आज माझ्या पाळण्यात कोणी नाही.

त्या स्टूलावर बसलेल्या माणसाकडं बघून मला पहिल्यांदा नीट कळलं. मी अडाणी आहे म्हणून हे होत नाही. वाचता येणारा माणूस मला खोटं वाचून दाखवतो, म्हणून होतं. चाळीस वर्षं मी स्वतःला दोष देत बसलो. शाळा सुटली म्हणून. शाळा त्यांची सुटली नव्हती ना. मग?

बुधवारी कमिटीच्या खोलीत सात जण. चारशे दोनवाला, तोही होता. सेक्रेटरींनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला, पेन दिलं.

मी म्हटलं, वाचून दाखवा.

ते म्हणाले, इंग्रजीत आहे, तुला काय कळणार.

"म्हणूनच. मराठीत सांगा."

सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. मग भरभर सांगितलं. मी स्वतःहून जुगाराचं ॲप आणलं. सभासदांच्या दारांचे फोटो जाणूनबुजून बाहेर दिले. या प्रकाराशी सोसायटीच्या कोणत्याही सभासदाचा काही संबंध नाही.

मी म्हटलं, शेवटचं परत वाचा. त्यांनी वाचलं. मी फोन उघडला आणि टेबलावर ठेवला. फाइल. वर सागवानी दार. आता रुमाल कोणी काढला नाही.

तो म्हणाला, फोन हॅक झालाय, त्यात काहीही दिसेल. सेक्रेटरींनी स्क्रीन बघितली, त्याच्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "हा वेगळा विषय आहे. तुम्ही आधी सही करा, तो विषय आपण नंतर घेऊ."

तुम्ही. तेवढ्यात तुम्ही झालो होतो. पण आता मला ते नको होतं.

मी म्हटलं, "माझी चूक मी माझ्या तोंडानं सांगीन. ह्याची चूक माझ्या सहीनं नाही."

पेन ठेवलं. गेटच्या किल्ल्या ठेवल्या, शिट्टी ठेवली. कोणी थांब म्हणालं नाही. पगार मिळेल का, कधी मिळेल, मी विचारलं नाही.

मग मी वर चढलो. अठ्ठेचाळीस दारं. प्रत्येक घंटी वाजवली. सगळीकडं तेच सांगितलं. तुमच्या दाराचा फोटो आणि तुमचा नंबर माझ्या फोनमधून बाहेर गेलाय. न वाचता बटण मी दाबलं, ती माझी चूक. आता तो परत येणार नाही. अनोळखी फोन घेऊ नका, दारं नीट लावा. काहींनी अर्ध्यात दार लोटलं. एक जण म्हणाला, आता शहाणपण शिकवतोय. पाचशे दोनच्या आजींनी साखळी न काढता फटीतून ऐकलं आणि विचारलं, म्हणजे चोर येणार का? मी म्हटलं, ठाऊक नाही. खोटा धीर मी दिला नाही.

चारशे दोनमध्ये त्याच्या बायकोनं दार उघडलं. तिला मी एक वाक्य जास्त सांगितलं. बाई, ते ॲप ह्याच घरातून आलं होतं. ती मागं वळून आत बघत राहिली. मी जिना उतरलो.

आता मी पोलीस स्टेशनच्या बाकड्यावर बसून तक्रारीचा अर्ज लिहितोय. हा तिसरा दिवस. पहिल्या दिवशी म्हणाले, तुम्ही स्वतः खेळलात ना, मग तक्रार कसली. मी म्हटलं, खेळलो, तेही लिहून घ्या. काल म्हणाले, उद्या या. आज आलो. समोरचा एक अर्ज लिहिणारा म्हणाला, बाबा, द्या इकडं, इंग्रजीत फक्कड लिहून देतो, खाली सही करा फक्त.

मी नको म्हटलं.

अक्षर वाकडं येतंय. एका पानाला अर्धा दिवस जातोय. जाऊ दे. पहिल्या ओळीत माझं नाव आणि माझी चूक. दुसऱ्या ओळीपासून त्याचं नाव, आडनाव, मजला, फ्लॅट. अर्जात साहेब हा शब्द मी कुठंच लिहिलेला नाही. इथून पुढं लिहिणार नाही आणि बोलणार नाही. जे मला वाचून दाखवलं नाही त्यावर बोट ठेवणार नाही, सही करणार नाही, मग पुढ्यात कोणीही बसलेला असो. अर्ज घेतला नाही तर उद्या येईन. उद्या घेतला नाही तर परवा. सायकल बाहेर उभी आहे आणि मला दुसरं काम नाही.