उणे अठराला गोठणारं पाणी

शेट्ये बाईंनी मला भौतिकशास्त्र शिकवलं. हे आधी सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं त्याच्यामागून आलेलं आहे. दहावीच्या विज्ञानात नापास होऊन, शाळा सोडून, परभणीकडच्या गावातून रत्नागिरीला कोळंबी सोलायला आलेल्या मुलीला त्यांनी पुन्हा परीक्षेला बसवलं. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच नाही. एप्रिल संपता संपता बाई कोल्हापूरच्या दवाखान्यात वारल्या. आमच्या कंपनीत कामावर फोन जवळ ठेवता येत नाही, सगळ्यांचे फोन बाहेरच्या कपाटात असतात. जेवणाच्या सुट्टीत हातमोजे काढून फोन घेतला तर त्यांच्या मुलाचा, संजयदादांचा, मेसेज आला होता. ‘आई सकाळी गेली.’ मी उभ्याउभ्याच वाचला. बोटं इतकी गारठलेली आणि ओली होती की स्क्रीनवर उठेचनात, उलट काही लिहिता येईना. फोन कपाटात ठेवून पुन्हा आत गेले. माझा ट्रे भरून आला होता...

मी रत्नागिरीला आले ती शेजारच्या गावच्या एका ताईबरोबर. ती आधीपासून मासळीच्या कंपनीत होती. बाईंच्या चिरेबंदी घराच्या मागच्या बाजूला एक खोली होती, तिथं आम्ही दोघी राहायचो. पुढं ताईचं लग्न झालं आणि मी एकटी उरले. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता. पहिले काही महिने मला त्याची भीतीच वाटायची, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्याचीच भीती वाटते, तो माझा स्वभावच आहे. घरून माझ्या भावाचा, दादाचा, फोन यायचा. दादा वाईट नाही, पण बापाच्या माघारी घर ओढताना त्याला बहिणीचं लग्न हे एक राहिलेलं काम वाटायचं. गेल्या वर्षी त्यानं स्पष्टच सांगितलं, “दहावी निघाली तर ऱ्हा तिकडं, तुझ्या मनानं कर. नाही निघाली तर तुळशीचं लगीन झालं की तुझं उरकून टाकतो. पोरगं बघून ठेवलंय.” कंपनीत माल तपासायच्या विभागात कायमची जागा निघणार होती, तिलाही दहावी पास लागत होती. म्हणजे माझं सगळं त्या एका विज्ञानाच्या पेपरावर येऊन थांबलं होतं. बाकीचे विषय तर केव्हाच सुटलेले होते.

मी अपेक्षित प्रश्नसंच आणला आणि पाठांतराला लागले. कामावरून आले की मागच्या पायरीवर बसून डोळे मिटून म्हणायचे. विद्युतधारा ही विभवांतराला समानुपाती असते, विद्युतधारा ही विभवांतराला समानुपाती असते... बाई तोवर माझ्यासाठी फक्त घरमालकीण होत्या. उंच, सावळ्या, केस बारीक कापलेले, कायम कशावर तरी चिडल्यासारखा चेहरा. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, यजमान बोटीवर होते ते वारले होते, मुलगा कोल्हापूरला. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या, “ही कुठल्या देवाची आरती गो?”

“विज्ञान आहे बाई. ओहमचा नियम.”

“मग प्रसाद काय वाटणार आहेस? विभवांतर म्हणजे काय ते ठाऊक आहे?”

मी मान खाली घातली. खिडकी बंद झाली. मला वाटलं रागावल्या, आता खोली सोडायला सांगतात की काय. पण दाराची कडी वाजली आणि बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, पायरीवर माझ्याशेजारी बसल्या, प्रश्नसंच माझ्या हातातून घेतला आणि घरात नेऊन ठेवला. पुढं कितीतरी महिने तो मला परत मिळाला नाही.

त्यांची शिकवायची एक रीत होती. शाळेतही त्या तशाच शिकवायच्या, असं पुढं कळलं. धडा सुरू करायच्या आधी त्या म्हणायच्या, “चुकीचं सांग.” म्हणजे त्या गोष्टीबद्दल तुझ्या मनात जे काही आहे ते सगळं आधी बाहेर काढ, लाजू नकोस. बरोबर उत्तर त्यांना नको असायचं. मी चुकून एकदा पुस्तकातली व्याख्या म्हटली तर म्हणाल्या, “ते तुझं नाही, ते छापणाऱ्याचं. तुझं काय ते बोल.” त्यांचं म्हणणं असं की जुनं चुकीचं आत तसंच राहिलं की त्याच्यावर नवं कितीही ओता, वरच्या वर वाहून जातं. आणि चुका त्यांना मनापासून आवडायच्या. चंद्रावर वजन कमी भरतं कारण तिथं जेवायला मिळत नाही, असं एका मुलानं पेपरात लिहिलं होतं. दुसरा एक, मच्छीमारांच्या वस्तीतला, म्हणायचा की भरतीला समुद्राचं पाणी वाढतं कारण नद्या तेव्हाच सोडतात. हे सांगताना बाईंचा तो चिडका चेहरा कुठल्या कुठं जायचा. “तो आता स्वतःची बोट चालवतो,” म्हणायच्या, “भरती-ओहोटी माझ्यापेक्षा बरी कळते त्याला. पण तेव्हा त्यानं ते बोलून दाखवलं म्हणून कळली.”

माझी सगळ्यात मोठी चूक निघाली ती उष्णतेच्या धड्यात. “पाणी किती अंशाला गोठतं? चुकीचं सांग.” मी म्हटलं, “चुकीचं कशाला, हे मला बरोबर माहितीय. उणे अठरा.” बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. कंपनीत शीतगृहाच्या दारावर लाल आकडे असतात, उणे अठरा. त्याच्यापेक्षा आकडा वर सरकला की आरडाओरड होते, माल खराब होईल म्हणून साहेब धावत येतात. मी दोन वर्षं ते दार बघत होते. आतलं सगळं दगडासारखं गोठलेलं असतं, तेव्हा पाणी उणे अठराला गोठतं यात मला कधी शंकाच आली नव्हती. शून्य हे पुस्तकातलं असेल, पण पुस्तकातलं काय, तिथं काहीही असतं. बाई इतक्या हसल्या की शेजारच्या रेवाळे काकू कुंपणाच्या दगडी गडग्यावरून डोकावल्या. “काय झालं ओ बाई?” “काही नाही, ही परभणी मला पाणी गोठवायला शिकवतेय.” तेव्हापासून त्या मला परभणीच म्हणायच्या. “काय परभणी, आज कितीला गोठवलंस?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कंपनीतून डबाभर बर्फ आणायला लावला. येईपर्यंत अर्धा वितळला होता. तो स्टीलच्या पातेल्यात ओतला, बाईंनी शाळेतून निवृत्त होताना मागून आणलेला तापमापक त्यात धरला आणि मला म्हणाल्या, बघत बस, ढवळत राहा. पारा शून्यापाशी आला आणि थांबला. बर्फ वितळत होता, पाणी वाढत होतं, बाहेर एवढा उकाडा, आणि पारा काही हलेना. मी विचारलं, बिघडलाय का? “तुझं चुकीचं सांग.” मी म्हटलं, उष्णता लागतच नसेल. “मग वितळतंय कशानं?” मी पुन्हा ढवळायला लागले. आम्ही तशाच बसून राहिलो. पलीकडच्या घरी बांगडे तळल्याचा वास येत होता. बाई मधूनच कमरेला हात लावत होत्या, तेव्हा मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. शेवटचा खडा वितळला आणि पारा हळूच वर सरकला, तेव्हा त्या म्हणाल्या, “सगळी उष्णता आतल्या आत बर्फ सोडवण्यात खर्च होत होती. बाहेरून दिसत नाही म्हणून ती नाही असं नसतं. हिला अप्रकट उष्मा म्हणतात. आता व्याख्या म्हण.” मी म्हटली. ती व्याख्या मला आज झोपेतून उठवून विचारली तरी येईल.

विजेच्या धड्यातल्या डाव्या हाताच्या नियमाला मात्र माझे हात आड आले. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांशी काटकोनात धरायचं असतं. कोळंबीचे काटे लागून माझी बोटं सुजलेली, चिकटपट्ट्या लावलेली, सरळच व्हायची नाहीत. बाईंनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला, खोबरेल तेल लावलं आणि एकेक बोट हळूहळू सरळ करत म्हणाल्या, “हे क्षेत्र. ही धारा. हा अंगठा बल.” रोज संध्याकाळी हे चालायचं. माझ्या आईनंसुद्धा माझे हात असे कधी धरले नव्हते, तिला वेळच नव्हता... मनातलं बोलायला मला कधीच जमत नाही.

जानेवारीत बाईंचं जेवण कमी झालं. विचारलं तर म्हणायच्या, वय झालं. संजयदादा येऊन त्यांना तपासायला कोल्हापूरला घेऊन गेले तेव्हा आमचा एकच धडा राहिला होता, भिंगांचा. बाईंनी तो मुद्दाम मागं ठेवला होता. त्यांचा चष्मा जुना झाला होता, काचा ओरखडलेल्या. “नवा चष्मा करून आणते,” गाडीत बसताना म्हणाल्या, “तोच हातात देते तुझ्या. भिंग म्हणजे काय ते चष्म्याशिवाय कळत नाही कुणाला. तोवर आधीच्या धड्यांची उजळणी कर, आणि पुस्तकातून भिंगं वाचायची नाहीत, समजलं?” मी हो म्हटलं. गाडी पालीच्या रस्त्याला लागली असेल, तोवर मी फाटकाशीच उभी होते.

त्या परत आल्या नाहीत. आजार पोटातला होता, पसरलेला होता. उजळणी फोनवर चालू राहिली. संजयदादा फोन त्यांच्या कानाशी धरायचे. आवाज बारीक झालेला, पण सुरुवात तीच, “चुकीचं सांग.” मी बोलायचे, त्या ऐकायच्या, कधी मधेच झोप लागायची. संजयदादा म्हणायचे, “आई दमलीय, पण ठेवू नको म्हणते.” मला वाटायचं मी त्यांचा जीव थकवतेय. फोन करायला हात धजायचा नाही. न करावा तर त्याच दुपारी निरोप यायचा, परभणी आज का गप्प? मार्चमध्ये, पेपराच्या आदल्या संध्याकाळी मी धीर करून विचारलं, “बाई, भिंगांचं काय करू? वाचू का पुस्तकातून?” पलीकडून आधी धाप ऐकू आली. मग म्हणाल्या, “सोडून दे तेवढं. बाकीचं पुरेल.” आणि थोड्या वेळानं, “मी शिकवायला हवं होतं ते... राहिलं माझ्याकडून.” बाई कधी अशा बोलायच्या नाहीत. ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं, पुढं त्यांना बोलवेनासंच झालं.

पेपराचा दिवस आला. पहिला प्रश्न वाचला आणि डोकं कोरं झालं, शाळेत पहिल्यांदा नापास झाले तेव्हा झालं होतं तसंच. मग मी पेन्सिलीनं समासात आधी चुकीचं उत्तर लिहिलं, खोडलं, आणि त्याच्याशेजारी बरोबर आपोआप आलं. पुढं डावा हात वर करून बोटं काटकोनात धरली तर पर्यवेक्षक बाई तरातरा आल्या. “कुणाला खुणा करतेस?” मी म्हटलं, “कुणाला नाही, बल कुठल्या दिशेला ते बघतेय.” त्यांनी माझ्या पट्ट्या लावलेल्या बोटांकडं पाहिलं आणि पुढं गेल्या. भिंगांचा प्रश्न आला होता, किरणाकृती काढायची होती. शाळेत असताना पुस्तकात बघितलेल्या चित्रावरून काहीतरी रेघोट्या ओढता आल्या असत्या. मी जागा रिकामी सोडली.

बाई गेल्यावर संजयदादा घर बंद करायला आले होते. सामान थोडंच होतं. मला म्हणाले, तुला काही हवं असेल तर ठेव, आई तुझ्याबद्दल सारखी बोलायची. मी विचारलं, “बाईंनी नवा चष्मा केला होता का?” ते म्हणाले, “नंबर काढून घेतला होता. काचा यायच्या होत्या. मग कुणाला आठवणच राहिली नाही.” मी काहीच घेतलं नाही. मे महिन्यात निकाल लागला. जेमतेम का होईना, मी पास झाले. घरी दादाला फोन केला, तो म्हणाला, “बरं. ऱ्हा मग.” माल तपासायच्या विभागात माझं नाव लागलं आहे. पावसाळ्याआधी खोली सोडायची आहे, दुसरी बघते आहे. कंपनीतल्या मुलींनी पेढे मागितले, दिले. सगळं व्हायचं तसं झालं, आणि तरी निकाल हातात घेऊन मी मागच्या पायरीवर गेले तेव्हा खिडकी बंद होती, आणि मला हा निकाल कुणाला दाखवावा ते समजेना. मी परत आत आले.

बाई, भिंगांचा धडा मी अजून उघडलेला नाही. पण उघडणार आहे. कुणाकडून तरी चष्मा मागून घेईन, नाही तर स्वतःला लागेल तेव्हा स्वतःचा वापरीन, पण नीट शिकेन, पाठ नाही करणार. कंपनीत माझ्यासारख्या विज्ञानात अडकलेल्या पुष्कळ जणी आहेत, त्यातली एखादी माझ्याजवळ येऊन बसेल. तिला तो धडा पूर्ण शिकवीन, एकही रेघ न सोडता. तुमच्याकडून राहिलं म्हणालात ना, ते राहिलेलं मी पुरं करीन. त्यानं तुमचं फिटणार नाही, मला ठाऊक आहे, पण फेडायला तिथून सुरुवात करीन. तेवढा वेळ मला द्या.