काकांचा उजवा डोळा

नाचणगावच्या एका मंदिरात पहाटे आमचा योगवर्ग भरतो. तिथल्या पायरीवरून नवी चप्पल हमखास गायब होते. वर्गाला एक काका येतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांची चटई कायम दाराशी आणि तोंड पायरीवरच्या चपलांकडे. ध्यान सुरू झालं की आम्ही डोळे मिटतो. काकांचा उजवा डोळा मात्र टक्क उघडा असतो. हे मला कसं दिसलं, ते विचारू नका.

एकदा मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "काका, ध्यानात तरी चपला विसरा."

चटई गुंडाळत काका म्हणाले, "भाऊ, माह्या या एका डोयाच्या भरवशावर तर तुमचे दोन्ही मिटून राह्यले!"

काकांची साधना अजून कच्ची आहे, असं मनाशी म्हणत मी घरी गेलो.

परवा काका आले नाहीत. ध्यान सुरू झालं. थोड्या वेळानं मी हळूच एक डोळा किलकिला केला. शिकवणाऱ्या मॅडमसकट सगळा वर्ग एकेका डोळ्यानं पायरीकडे बघत होता.

एवढी एकाग्रता आमच्या वर्गाला आजवर कधी साधली नव्हती.