तांड्यातलं पाच किलोचं वजन

आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीतल्या. हातोडी घेऊन उन्हात हिंडणारी मी पहिलीच. यवतमाळच्या एका कॉलेजात मी भूशास्त्र शिकवायचे. स्वभाव तापट, आणि दगडातलं आपल्याला कळतं ही घमेंड तर कायम नाकाच्या शेंड्यावर. त्याच घमेंडीपायी एका बाईचा शब्द मी मातीत घालायला निघाले होते.

कापसाची ती वाईट वर्षं. बोंडं किडायची, पेपरात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव यायचं, आणि गावागावांत वही-पेन, कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची रीघ लागलेली. लोक उत्तरं देऊन कंटाळले होते. अशा दिवसांत, ऐन उन्हाळ्यात, राळेगाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यात मी जाऊन धडकले ती उल्कापाषाणासाठी. पणजोबांच्या काळात तिथं भरदुपारी आभाळ कडकडून दगड पडले होते, असं एका जुन्या अहवालात वाचलं होतं. बहुतेक तुकडे तेव्हाच साहेब लोकांनी उचलून नेले. एक मात्र तांड्यात राहिला होता.

मला वाटलं, शेंदूर फासून झाडाखाली ठेवला असेल. पण दगड कामावर होता. वेचलेला कापूस त्याच्यावर तोलत. तो मुळात पाच किलोला थोडा कमी भरायचा, म्हणून त्याला एक लोखंडी कडं बांधलेलं. तोल जुळवायला घातलेल्या अशा भरीला पासंग म्हणतात. मजुरी किलोवर. लोखंडी वजनं शेतमालकाची, त्यांच्यावर वेचणाऱ्या बायांचा भरवसा नाही. बायांनी काही आणलं तर त्यावर मालकाचा नाही. हा दगड कुणाच्याच घरचा नव्हता, वरून आलेला. त्यामुळे दोन्ही बाजूंना चालायचा.

तो सांभाळायची आणि तोलायची एक म्हातारी. तांड्यात सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले. पहिलं माप टाकताना ती ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची, आणि तिनं मोजलेलं माप पुन्हा कुणी मोजत नसे.

दगडाचा एक कोपरा तडकून सुटायला आला होता. चांगला संत्र्याएवढा. मी तो मागितला.

“ने ना,” याडी म्हणाली. “पण याच्यात काय हाय थे मले सांगजो. दिसाले लहान, पण उचलाले भारी हाय. काहून, थे कोनालेच मालूम नाही.”

“सांगीन की.”

“अन् वजन कमी होईन त्याचं काय? तराजू शेतावर हाय. पोराले धाडतो, तोलून घेऊ.”

माझी शेवटची एसटी तासाभरात होती. मी हातोडीनं कोपरा मोकळा केला, नाल्यात उतरले, कोपऱ्याएवढाच एक काळा दगड शोधला, दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. आकार अगदी सारखा. “हा बांधा कड्याबरोबर,” मी म्हटलं. “याडी, मी दगडांचीच मास्तरीण आहे. तोलायची गरज नाही.”

तिनं दगड हातात घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि बांधला. शिकलेल्या माणसाचं तिनं ऐकलं.

नागपूरला एका ओळखीच्या प्रयोगशाळेत तुकड्याचा काप काढला. कागदाहूनही पातळ, आरपार उजेड जाईल असा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि मी अक्षरशः रडले. मोहरीसारखे गोल गोल दाणे एकमेकांना खेटून बसलेले. आपल्या जमिनीतल्या दगडात असे दाणे कधी होत नाहीत. त्यांत ऑलिव्हिन नावाचं खनिज निळं, गुलाबी, पोपटी चमकत होतं. त्याला लागून पायरॉक्सिन हे दुसरं खनिज, करडं आणि पिवळसर. मधूनमधून काळेच राहिलेले ठिपके, ज्यांतून उजेड जात नव्हता. उजेड वरून टाकला तसे ते ठिपके उजळले. काही चांदीसारखे पांढरे, म्हणजे निकेल मिसळलेलं लोखंड. काही पितळेच्या झाकेचे, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं ट्रॉइलाइट. मी वहीत लिहिलं, ‘धातू भरपूर.’ एवढं लिहूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दिवाळीनंतर, वेचणी भरात असताना, मी फोटो आणि उरलेला तुकडा घेऊन मोठ्या हौसेनं तांड्यात गेले. याडी दारात बसली होती. बाकीच्या बाया शेतावर.

“आज तोलायला नाही गेलात?”

“मले कोन बलावते आता!”

हळूहळू सगळं कळलं. पंधरा दिवसांच्या वेचणीनंतर मालकाचा कापूस बाजारात गेला, तर वहीतल्या आकड्यापेक्षा क्विंटलभर कमी भरला. त्यानं दगड आपल्या लोखंडी पाच किलोसमोर टाकून पाहिला. दगड हलका. म्हणजे एकेका मापात पाच किलोपेक्षा कमी कापूस जात होता, आणि बायांच्या नावावर मात्र पूर्ण पाच लागत होते. कॉलेजच्या बाईनं तुकडा नेला, भर म्हणून दगड दिला, असं याडीनं सांगितलं. मालक म्हणाला, कोणती बाई? त्या वर्षी इतक्या बाया येऊन गेल्या होत्या. म्हातारी वेचणाऱ्यांना सामील आहे, हेच सगळ्यांना सोपं वाटलं.

चूक कुठं झाली ते मला तिथंच कळलं. काळा दगड आकारानं तेवढाच होता, पण त्यात ते चांदीसारखे ठिपके नव्हते. वर्गात दर वर्षी पहिल्याच आठवड्यात मी पोरांना सांगते, दगड हातात घेऊन पाहा, नुसत्या डोळ्यांनी फसाल. आणि मी नुसत्या डोळ्यांनी पाहून निघाले होते, एसटीसाठी. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

“चला,” मी म्हटलं.

“कायले?”

“चला तर.”

शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या कडुनिंबाच्या फांदीला तराजू टांगलेला होता. दहा-बारा बाया कापसाची गाठोडी घेऊन बसलेल्या, आणि मालक वही घेऊन उभा. मी सगळ्यांदेखत सांगितलं की ती बाई मी. दगड मी तोडला, भर मी दिली, तोलू या म्हणत असताना याडीला मी थांबवलं. चोरी कुणीच केली नाही, चूक माझी आहे. बोलता बोलता आवाज चढला, कारण रागवायला दुसरं कुणी नव्हतं.

मालकानं वही मिटली. मग म्हणाला, “मॅडम, थे तं झालं. पण आता याचा भरोसा कसा धरावा?”

उत्तर याडीनं दिलं. तिनं दगड एका पारड्यात ठेवला, मालकाचं लोखंड दुसऱ्यात, आणि मला म्हणाली, “तोल.”

“याडी, तुम्हीच…”

“तू तोल. आज गाडी चुकू दे.”

मी काळा दगड सोडून फेकला आणि त्या जागी माझ्याजवळचा उरलेला तुकडा बांधला. कापात गेलेल्या भागापुरते बारीक खडे एकेक करून घातले. बाया, मालक, सगळे काट्याकडे पाहत होते. दूर डांबरी रस्त्यावरून एसटी गेली. आणखी दोन खडे टाकले आणि काटा सरळ उभा राहिला.

मालकानं पुढं होऊन आपलं लोखंडी वजन पारड्यातून उचललं आणि खाली ठेवलं. पहिल्या बाईनं तिथं कापूस ओतला. याडीनं पदर खोचून दांडी धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “लाभ!”

मापं संपल्यावर तिनं मला रस्त्यापर्यंत सोडलं. मिळेल त्या वाहनाची वाट पाहत आम्ही पुलाच्या कठड्यावर बसलो. मी रंगीत फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवले. तिनं ते एकेक करून पाहिले.

“मंग? काय हाय त्याच्यात?”

“पुष्कळ काही आहे, याडी. पण मुख्य म्हणजे लोखंड. म्हणून तो भारी.”

तिनं फोटो नीट जुळवून माझ्या हातात परत दिले.

“भारी हाय, थे तं मी तुले पयल्याच दिवशी सांगतलं व्हतं,” ती म्हणाली.