वाचनालयात हसले म्हणून उठवलं

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसलेय.

मला कादंबरीचा शेवट घाईत वाचवत नाही. शेवटची थोडी पानं मी रविवारसाठी राखून ठेवते आणि स्वयंपाक उरकून वाचनालयात निवांत वाचते. आजही पंख्याखालची खुर्ची पकडली होती. आजूबाजूला स्पर्धा परीक्षेची मुलं मान खाली घालून बसलेली. कादंबरीतल्या म्हातारीने जावयाला असं काही सुनावलं की मला हसू आलं. आवाज नाही हं, नुसतं तोंड हसलं.

माझं हसू बघून तिथले व्यवस्थापक आले. "मॅडम, कुठल्या परीक्षेचं चाललंय?"

"परीक्षा नाही, कादंबरी आहे."

"मग घरी वाचा की! पोरं माढ्याहनं, मंगळवेढ्याहनं येत्यात अभ्यासाला. तुमी हितं टाइमपासला बसल्यावर त्यांनी कुटं बसायचं?"

अहो, समोर खुर्च्या रिकाम्या होत्या! एखादं पोर उभं असतं तर मी स्वतःहून उठले असते. तसं म्हटलं, तर म्हणाले, "नियम हाय मॅडम. हितं फक्त अभ्यास."

शेवटी बाहेर, सोलापूरच्या उन्हात तापलेल्या पायरीवर, चपलांच्या रॅकशेजारी बसून वाचलं. आठवडाभर राखलेली पानं, आणि एकही ओळ मनात उतरली नाही. वर पाटी मात्र अजून 'वाचनालय' अशीच आहे.

तुमच्या गावच्या वाचनालयात बसून हसायला परवानगी आहे का? असेल तर गावाचं नाव कळवा. पुढच्या रविवारी एसटीने येते.