रजिस्टरात नसलेलं नाव

हे लिहावं की नको, यात माझे दोन महिने गेले. मी संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलंय. आमच्या घरात कोणी उतारा टाकत नाही, देवऋष्याकडे जात नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, सैन्यातून रिटायर झालेले. असल्या गप्पा निघाल्या की ते उठून बाहेर जातात आणि मीही त्यांचीच मुलगी. तेव्हा जे झालं तेवढंच सांगते, अर्थ तुम्ही लावा...

आम्ही कराडजवळ सैदापूरला राहतो. सांगलीतल्या एका लहान कंपनीसाठी मी घरून डेटा एंट्री करते. गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियाचं एक मोठं काम आलं. इंग्रजांच्या काळातली तिकडची तुरुंगाची रजिस्टरं, कोर्टाची पानं, वर्तमानपत्रांची कात्रणं — सगळ्याचे स्कॅन. ते वाचून रकान्यांत टाइप करायचं. एकच पान दोघीजणी वेगवेगळ्या टाइप करतात आणि मग सॉफ्टवेअर दोन्ही ताडून बघतं. फरक निघाला की ते आमच्या सुपरवायझरकडे, सुहास सरांकडे जातं. नियम एकच — दिसतं ते लिहायचं. चूक असली तर चुकीसकट.

त्या रजिस्टरांत तिथले मूळचे लोक, म्हणजे आदिवासी, बरेच होते. पण नावं सगळी सारखीच! टॉमी, जॅकी, बिली. आडनावाच्या जागी ‘नेटिव्ह’. वय अंदाजे. गुन्हा बहुतेक वेळा मेंढी नाहीतर बैल मारल्याचा. पहिले चार दिवस वाईट वाटलं, मग हात सवयीने चालायला लागले. खोटं कशाला बोलू?

ऑक्टोबरात एका सकाळी सुहास सरांचा फोन आला.

“मनीषाताई, काल टॉमीच्या जागी काय लिहिलंय तुम्ही?”

“टॉमीच लिहिलं असणार, सर.”

“उघडून बघा जरा.”

उघडलं. स्कॅनवर स्वच्छ ‘टॉमी’. त्याच पानाची दुसरी ऑपरेटर स्नेहल, तिनंही टॉमीच लिहिलेलं. माझ्या रकान्यात मात्र एक लांबलचक नाव होतं. कीबोर्डवर हात पडून उमटावं तसं वेडंवाकडं नाही — म्हणता येईल असं, नीट, पहिलं अक्षर कॅपिटल. मी ते टाइप केल्याचं मला अजिबात आठवत नव्हतं.

डोळे थकले असतील, असं म्हणून दुरुस्त केलं. चौथ्या दिवशी तुरुंगातल्या मृत्यूंचं पान आलं. कैदी नंबर तोच, म्हणजे हाच टॉमी. शिक्षेचं एक वर्षही पुरं व्हायच्या आत छातीच्या दुखण्यानं गेलेला. या वेळी पाठवण्याआधी मी स्वतःच तपासलं... पुन्हा तेच नाव, स्पेलिंगसुद्धा तेच.

ऑटोकरेक्ट बंद केलं, कीबोर्ड बदलला. इंटरनेटवर ते नाव शोधलं, एकही निकाल नाही.

पुढच्या आठवड्यात याच टॉमीच्या खटल्याचं वर्तमानपत्राचं कात्रण आलं. जेमतेम आठ ओळी. कैद्याला इंग्रजी समजत नाही, दुभाषा मिळाला नाही, तरी खटला चालला. न्यायाधीशांनी नाव विचारल्याचं त्याला खुणेनं सांगितलं, तेव्हा तो आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. ‘काहीतरी’ एवढंच छापलेलं. आणि त्यापुढे कंसात — ‘हशा’.

तो ‘हशा’ टाइप केला आणि मला आवाज ऐकू आला.

सकाळचे साडेअकरा, खिडकी उघडी, बाहेर उसाचा ट्रॅक्टर चाललेला. आवाज पुरुषाचा, माझ्या डाव्या खांद्यामागून. कुजबुज नाही, साधं बोलणं. तेच लांबलचक नाव, एकेक अक्षर सुटं करून, तीनदा. रेशन ऑफिसात आपलं आडनाव चुकीचं लिहायला लागले की आपण कसं सावकाश फोडून सांगतो, तसं. मी वळून पाहिलं, कोणी नव्हतं. भीती नंतर वाटली. आधी वाटली ती लाज — माणूस कितीदा सांगतोय आणि आपण आपलं टॉमी लिहितोय!

उठून ओट्यावर गेले. अण्णा पेपर वाचत होते.

“अण्णा, तुम्ही आत्ता काही बोललात?”

“न्हाई. का गं?”

मी सगळं सांगितलं. वाटलं, आता उठून जातील. ते उठले नाहीत. चष्मा काढून हातात धरला.

“माझ्या आज्याच्या बापाची चावडीवर रोज हजेरी असायची,” ते म्हणाले. आम्ही रामोशी, हे मला माहीत होतं. हजेरीचं मात्र ते कधी बोलले नव्हते. “त्यानं काय बी केलं नव्हतं. जातच गुन्हेगार म्हणून लिवून ठेवल्याली. कागदावर नाव काय, तर काळ्या. खरं नाव काय हुतं, आज कुणालाच ठावं न्हाई.”

“मग मी काय करू?”

“मला काय इचारतीस, मने? त्यो तुला सांगतोय न्हवं?”

शेऱ्याचा रकाना फक्त ‘अक्षर वाचता येत नाही’ असं कळवण्यासाठी असतो. मी तिन्ही पानांवर नावाच्या जागी टॉमीच ठेवलं आणि शेऱ्यात ते दुसरं नाव लिहिलं. पुढे — ‘स्कॅनवर नाही. टाइप करणारीला ऐकू आले.’

सुहास सर भडकले. “क्लायंटनं काम काढून घेतलं तर? बाराजणी बसल्यात या कामावर!”

“मला काढा सर, पण तो शेरा ठेवा.”

त्यांनी मला दुसऱ्या कामावर टाकलं. शेऱ्याचं काय केलं, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

मार्चमध्ये त्यांनी मला सांगलीच्या ऑफिसात बोलावून घेतलं. ऑस्ट्रेलियातल्या ज्या संग्रहालयाची ती रजिस्टरं होती, तिथून ईमेल आला होता. एक आजीबाई आपल्या पणजोबांच्या भावाला कित्येक वर्षं शोधत होत्या. पोलिसांनी नेलेला तो परत आलाच नव्हता. त्याचं नाव घरात तोंडातोंडी चालत आलेलं, कधीच कुठे लिहिलं गेलेलं नाही. रेकॉर्ड वेबसाइटवर चढल्यावर त्यांनी सवयीनं ते टाकून पाहिलं आणि तीन पानं समोर आली.

दुपारी व्हिडिओ कॉल झाला. संग्रहालयाच्या बाईंनी विचारलं, हे नाव कुठल्या कागदावर पाहिलंत? मी मोडक्या इंग्रजीत खरं ते सांगितलं. शेजारी बसलेल्या आजी पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, म्हणून दाखव.

मी म्हटलं. त्यांनी मधलं अक्षर किंचित लांबवून पुन्हा म्हटलं. मी ऐकलेलं अगदी तसंच होतं, माझ्याच जिभेला जमलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, “तो रागात होता का?”

“नाही,” मी म्हटलं. “घाईतही नव्हता. फक्त पुन्हा पुन्हा सांगत होता.”

आजींनी डोळे पुसले.

ते नाव मी इथे लिहीत नाही. गेलेल्या माणसाचं नाव परक्यांत फिरू नये, असं त्या घरच्यांनी सांगितलंय. नोंदीत मात्र आता ते शेऱ्यात नाही, नावाच्या रकान्यात आहे.

सुहास सर अजून म्हणतात, तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. असेलही... पण जे कुठे लिहिलेलंच नव्हतं, ते मी वाचणार कुठून? तो आवाज पुन्हा कधी आला नाही. खरं सांगायचं तर काही दिवस मी वाट पाहिली.